बरोबरीत सुटलेला पैलवान

माझे धाकटे दीर संपत भावजी गावच्या आखाड्यात आयुष्यात एकदाही हरले नाहीत. आणि एकदाही जिंकले नाहीत. असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, मी दिरांची चेष्टा करतेय. चेष्टा मी त्यांची रोजच करते, तो माझा हक्कच आहे. पण हे मात्र खरं आहे.

गावाचं नाव लिहीत नाही, कारण आमच्या गावाला रुसायला निमित्त लागत नाही. भोरहून वरंधा घाटाकडं निघालं की हिर्डोशीच्या अलीकडं एक फाटा लागतो. तिथं एसटीतून उतरायचं आणि पाऊण तास चढायचं. वर पोचलं की आधी खालची आळी, मग देऊळ, मग आमची वरची आळी. मी मूळची किकवीची, हायवेवरची. सत्त्याण्णव साली लग्न होऊन इथं आले तेव्हा पहिले सहा महिने मला एवढंच कळत होतं की या गावात एसटी नाही आणि चढ फार आहे.

चैत्रातल्या जत्रेला मी बायकांबरोबर देवळाच्या पायऱ्यांवर बसून पहिल्यांदा इथल्या कुस्त्या बघितल्या. संपत भावजी तेव्हा अठरा वर्षांचे होते. समोर खालच्या आळीचा कोंडिबा, त्यांच्याच वयाचा, त्यांच्याच वर्गातला. हलगी वाजत होती. भावजींनी खाली वाकून कोंडिबाचा पट काढला, पाय ओढून त्याला आडवा केला आणि उलथवायला लागले. त्याची पाठ आता टेकणार, तेवढ्यात पंच पुढं झाले, दोघांच्या पाठीवर थाप मारली आणि ओरडले, "सोडा! बरोबरी!" पंच म्हणजे माझेच सासरे, गेनबा. लगेच नारळ फुटला. एक वाटी ह्याला, एक वाटी त्याला. दोन्ही आळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आवं, पण त्यो पडतच हुता की!" मी शेजारच्या बाईला म्हटलं.

"गप बस," ती म्हणाली. "नवी हाईस."

किकवीला कुस्ती म्हणजे एक वर आणि एक खाली, हे लहान पोरालाही कळतं. इथला प्रकार बघून माझ्या डोक्यात तिडीकच गेली. पुढं सासूबाईंनी त्यामागची गोष्ट सांगितली तेव्हा थोडी शांत झाले. पूर्ण शांत अजून झालेली नाही.

गोष्ट अशी, की माझ्या लग्नाच्या वीसेक वर्षं आधी जत्रेत वरच्या आणि खालच्या आळीची कुस्ती लागली. पाठ टेकली की नाही टेकली, यावरून वाद झाला. दगड उडाले, दोघांची डोकी फुटली. पण खरं नुकसान पावसात झालं. आमच्याकडं भाताची लावणी सावडीवर चालते. आज सगळ्यांनी तुमच्या खाचरात उतरायचं, उद्या तुम्ही त्यांच्या. एकट्या घराला लावणी उरकत नाही. त्या वर्षी कुणी कुणाच्या बांधावर गेलं नाही. तरवा, म्हणजे भाताची रोपं, जागच्या जागी पिवळा पडला, निम्मी खाचरं तशीच राहिली. सासूबाई सात महिन्यांच्या गरोदर असताना गुडघाभर चिखलात एकट्या लावत होत्या. ते मूल राहिलं नाही.

त्यानंतर मामंजींनी दोन्ही आळ्यांना देवळापुढं बसवलं आणि ठरवलं. गावातल्या गावात कुस्ती लागली तर ती बरोबरीतच सुटेल. कुणाची पाठ टेकायच्या आत पंच सोडवील. बाहेरच्या पैलवानाशी लागली तर काय हवं ते करा.

ज्या माणसाचं मूल त्या भांडणापायी गेलं त्याच्या नियमाला मूर्खपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मी अंगणवाडीत काम करते. खिचडीचा डाव सगळ्या पोरांना सारखाच पडला पाहिजे, यावर मी कुणाशीही भांडेन. पण एखादं पोर खिडकीच्या गजाला धरून सरसर वर चढायला लागलं तर काय करते मी? पाय धरून खाली ओढते आणि बाकीच्यांत बसवते. पडेल म्हणून. मग ते पोर दिवसभर तोंड पाडून बसतं, आणि मला कळत नाही की मी बरं केलं की वाईट.

मामंजी सोडवायच्या कामात फार तरबेज होते. कोण पडणार हे लोकांना दिसायच्या आधी त्यांना दिसायचं. "खांदं बगायचं न्हाईत," ते सांगायचे. "कंबर बगायची. मानूस खांद्यानं पडायच्या आदी कंबरंत पडतो." कंबर सैल झाली की त्यांची थाप पडलीच. वरच्या आळीला वाटायचं आपला जिंकत होता, खालच्या आळीला वाटायचं आपला. त्या गोड गैरसमजात लावणी दर वर्षी वेळेत उरकायची.

फक्त संपत भावजींची गोष्ट वेगळी होती. ते खरोखरचे पैलवान होते. हे मी घरचं माणूस म्हणून सांगत नाही. तालमीत दोन-दोन गडी एका वेळी अंगावर घ्यायचे. पहाटे उठून डोंगराच्या खिंडीपर्यंत पळत जायचे आणि मी चुलीवर पाणी ठेवेपर्यंत परत यायचे. आणि दर जत्रेला कोंडिबाशी बरोबरी! बाहेरच्या जत्रांना मामंजी त्यांना फारसं सोडायचे नाहीत, गुरं कोण बघणार म्हणून. गेले त्या दोन-चार ठिकाणी भावजींनी समोरच्याला पापणी लवायच्या आत लोळवलं. लांबलेली कुस्ती त्यांना फक्त गावची माहीत होती.

नव्याण्णव साली पुण्याला जिल्ह्याची निवड चाचणी होती. मी बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि सहा उकडलेली अंडी बांधून दिली. आख्खी वरची आळी फाट्यापर्यंत सोडायला गेली. खालची आळीही आली होती. कोंडिबानं तर त्यांची पिशवी डोक्यावर घेतली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावजी एकटेच चढ चढून आले. "हरलो," म्हणाले आणि गुरांना पाणी पाजायला गेले. कुणी फार विचारलं नाही. मामंजी म्हणाले, पुण्याची पोरं दूध-तूप खात्यात, आपलं कसं जमायचं. विषय संपला.

खरं काय घडलं ते मला तेरा वर्षांनी कळलं. मी दाराशी तांदूळ निवडत होते, भावजी टेम्पोचं चाक बदलत होते. तोवर ते दुधाचा टेम्पो चालवायला लागले होते, मंगलशी लग्न झालं होतं, प्रेरणा रांगत होती. काय विषय निघाला आठवत नाही, पण पान्हा फिरवता फिरवता ते एकदम म्हणाले, "वैनी, पुन्याला त्यो पडलाच हुता. एक खांदा टेकला हुता. दुसरा आसा चार बोटं वर. आन् म्या थांबलो."

"थांबला? कशापायी?"

"सोडवत्याल म्हणून."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि हातातलं सूप खाली ठेवावं लागलं. लांबलेल्या कुस्तीत समोरचा पडायला आला की पाठीवर थाप पडते, एवढंच त्यांच्या अंगाला माहीत होतं. तो क्षण आला तसं अंग आपोआप सैल झालं. थापेची वाट बघत राहिलं. तेवढ्यात खालचा पोरगा उलटला आणि त्यानं भावजींची पाठ टेकवली.

"मामंजींना सांगितलंत?" मी विचारलं.

"आबांना कसं सांगू? त्येंनी गावासाठी केलं." आणि पुन्हा चाकाला लागले. मला इतका राग आला होता, पण कुणावर काढावा ते समजेना. शेवटी मंगलवर काढला, चहात साखर कमी आहे म्हणून.

पुढं मामंजींचे गुडघे गेले आणि पंचाचं काम भावजींकडं आलं. इतकी वर्षं ज्या थापेनं त्यांना अडवलं, ती आता त्यांनीच मारायची. त्यांनी मारली. चांगली मारली. त्यांना तर कंबर मामंजींपेक्षाही लवकर दिसायची. आता गावात पैलवान तरी किती उरले म्हणा. निम्मी पोरं पुण्याला, उरलेली मोबाईलमध्ये. पण प्रेरणा बापामागं तालमीत जायला लागली. तिच्याबरोबर खालच्या आळीची वैष्णवी, कोंडिबाची मुलगी. दोघींना भावजीच शिकवायचे. आठव्या वर्षापासून दर जत्रेला दोघींची कुस्ती लागायची, आणि बरोबरीत सुटायची. इतक्या वर डोंगरात बाहेरून पोरी येणार कुठून?

वैष्णवी चांगली आहे, चिवट आहे. पण प्रेरणाचं काही औरच. तिच्याकडं बघताना मला तिचा बाप अठरा वर्षांचा दिसायचा.

गेल्या हिवाळ्यात भोरला तालुक्याच्या शालेय कुस्त्या झाल्या. भावजी टेम्पो घेऊन गेले, मलाही पुढं बसवलं. पहिल्या कुस्तीत प्रेरणानं पोरीला बघता बघता चीत केलं. दुसरी लांबली. लांबत लांबत शेवटी प्रेरणानं तिला दाबली, एक खांदा गादीला लागला, आणि प्रेरणा थांबली. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मान वर करून तिनं गर्दीत बापाला शोधलं. तेवढ्यात ती दुसरी मुलगी निसटली आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात कुस्ती संपली.

मी भावजींकडं बघितलं. आमच्या घरात मयतं झाली तेव्हाही मी त्यांचा तसा चेहरा बघितलेला नाही.

येताना प्रेरणा टेम्पोत आमच्या मध्ये बसून रडत होती. तिला वाटत होतं, आपण कमी पडलो. घरी आल्यावर भावजींनी तिला नाना परीनं सांगितलं, थांबायचं नाही. तालमीत ती थांबायचीही नाही, वैष्णवीला दहादा पाडायची. पण गर्दी जमली, हलगी वाजली की अंग बापाचंच होतं ना.

या वर्षी जत्रेनंतर दहा दिवसांनी पुण्याजवळच्या एका निवासी केंद्राची निवड होती. निवडलेल्या मुलींची शाळा, खुराक, तालीम सगळं तिथंच. चौदाच्या आतल्या मुलींसाठी, म्हणजे प्रेरणाला ही शेवटचीच संधी. जत्रेच्या दोन दिवस आधी दुपारी भावजी माझ्या ओट्यावर येऊन बसले. पाणी मागितलं, पण प्यायले नाहीत.

"वैनी, यंदा म्या सोडवणार न्हाई."

"मामंजींना सांगितलं?"

"न्हाई."

"कोंडिबा भावजींना?"

"त्येला काय सांगू? तुजी पोरगी पाडणार हाय म्हणून?"

अठ्ठावीस वर्षं ज्या नियमाला मी नावं ठेवली, तो मोडायची वेळ आली तेव्हा मीच घाबरले. "आवं, लावणीला कोण येईल?" मी म्हणाले. "खालची आळी आली न्हाई तर आपण चौघं किती खाचरं लावणार? आन् मामंजींचं वय बगा. त्येंच्या डोळ्यांदेखत करणार व्हय?"

"हितंच थांबायला शिकली ती, वैनी," भावजी म्हणाले. "हितंच मोडलं पायजे. दुसरीकडं कुठं मोडायचं न्हाई." तांब्या तसाच ठेवून ते उठून गेले. मी त्यांना अडवलं नाही आणि पाठिंबाही दिला नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

जत्रेच्या दिवशी चार वाजता हलगी सुरू झाली. मामंजींना आखाड्याच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत आणून बसवलं होतं, डोक्याला फेटा. समोरच्या अंगाला खालची आळी, त्यांच्या पुढं कोंडिबा. पोट सुटलेला, टक्कल पडलेला, गालात पान. लहान पोरांच्या चार कुस्त्या झाल्या, चारही बरोबरीत सुटल्या. मला वाटलं, भावजींचा विचार फिरला. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं.

मग प्रेरणा आणि वैष्णवी उतरल्या. दोघींनी माती कपाळाला लावली, हात मिळवले. बराच वेळ नुसतीच झोंबाझोंबी चालली. वैष्णवी त्या दिवशी फार छान लढली. पण शेवटी प्रेरणानं तिला खाली घेतलं, बगलेतून हात घालून उलथवलं. एक खांदा मातीत गेला.

आणि प्रेरणा थांबली. मान वर करून बापाकडं बघितलं.

"संपत, सोडव!" खुर्चीतून मामंजी ओरडले.

भावजींनी दोन्ही हात मागं घेतले आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलं. मी पायऱ्यांवर होते, त्यांची पाठ माझ्याकडं होती. ते मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती.

"पोरी, म्या येणार न्हाई," ते म्हणाले.

तिला उमजेपर्यंत उशीर झाला होता. वैष्णवीनं अंग फिरवलं आणि क्षणात प्रेरणा खाली, वैष्णवी वर. खालची आळी उभी राहिली. प्रेरणा डोकं मातीत रोवून, पाठ उचलून धरून कशीबशी तग धरून होती. तिचे पाय थरथरत होते. मंगल माझ्या शेजारी बसून "सोडवा की वो, सोडवा की!" म्हणत होती. स्वतःची पोर पडताना दिसतेय, हात नुसता पुढं करायचा अवकाश, सगळं गाव त्यासाठी टाळ्या वाजवील. भावजी हलले नाहीत. त्यांचे खांदे मात्र रडणाऱ्या माणसासारखे हलत होते.

"सोडव म्हनतो न्हवं!" मामंजी खुर्चीच्या हातांना धरून अर्धे उठले.

प्रेरणानं पुन्हा एकदा बापाकडं बघितलं. बापानं मान हलवली, नाही म्हणून. मग काय झालं मला कुस्तीच्या भाषेत नीट सांगता येत नाही. तिनं दात खाल्ले, एका पायावर जोर देऊन ती उसळली, वैष्णवीला घेऊनच फिरली आणि वर आली. या वेळी मान वर केली नाही. छातीचा सगळा भार टाकला आणि दोन्ही खांदे मातीला लावले.

हलगी आपोआप बंद पडली. त्या आखाड्यात जवळजवळ पन्नास वर्षांनी आमच्याच गावातल्या कुणाची तरी पाठ आमच्याच गावातल्या कुणीतरी टेकवली होती, आणि टाळ्या वाजवायच्या की नाही हेच कुणाला सुचेना. वैष्णवी मातीतच पडून रडायला लागली. प्रेरणाही तिच्याजवळ गुडघ्यांवर बसून रडत होती.

कोंडिबा आखाड्यात उतरला. पान थुंकला. आमच्या आळीतले दोन-तीन बाप्ये पुढं सरकले. मला वाटलं, आता डोकी फुटणार आणि याला आमचं घर कारण होणार. कोंडिबानं आधी मुलीला हाताला धरून उठवलं. तिच्या पाठीची माती झटकायला मंगल धावली, तर त्यानं तिला हात केला, राहू दे म्हणून. मग तो भावजींपुढं जाऊन उभा राहिला.

"मला का न्हाई रं पाडलंस?" तो म्हणाला.

भावजींनी मागं धरलेलं मनगट आत्ता कुठं सोडलं.

"सात येळा तुज्या खाली गेलो म्या. सातीच्या साती येळा पडलो हुतो. तुला ठाव हुतं, मला ठाव हुतं. आन् ही सगळी मला बरोबरीचा पैलवान म्हनायची. सोयरीक जुळवताना बी त्येच सांगितलं, संपतच्या बरोबरीचा हाय म्हणून. बायकूला म्या आजवर खरं सांगितलेलं न्हाई. एकदा पाडलं असतंस तर सुटलो असतो की रं."

"आट," मामंजी म्हणाले.

सगळे त्यांच्याकडं वळले. म्हातारा पुन्हा खुर्चीत बसला होता. नजर मातीकडं होती.

"सात न्हाई, आट. एका जत्रंत दोनदा लावली हुती तुमची, पावनं आलं हुतं म्हणून." मग, कुणी काही विचारलेलं नसताना, ते म्हणाले, "समद्या येळंला माजं पोरगं वर हुतं."

संपत भावजी आखाड्यात मटकन खाली बसले. शेहेचाळीस वर्षांचा तो माणूस दोन्ही हातांनी तोंड झाकून हुंदके देत होता. कोंडिबा त्यांच्या शेजारी मातीत बसला. हलगीवाला वाजवू की नको म्हणून माझ्याकडं बघत होता. मी पायऱ्या उतरून आखाड्याच्या कडेला गेले आणि त्याला म्हटलं, "वाजव. आमचे भावजी जिंकल्यात."